सर्वसाधारण जागेवरची बाई

आरक्षण सोडतीच्या दिवशी सभागृहात पारदर्शक बरणीत चिठ्ठ्या ठेवलेल्या असतात आणि शाळेतली एखादी मुलगी हात घालून एकेक चिठ्ठी काढते. ‘सर्वसाधारण महिला’ असे पुकारले गेले की त्या प्रभागातले इच्छुक उठून बाहेर जातात आणि घरी फोन लावतात. ‘सर्वसाधारण’ असे पुकारले गेले की टाळ्या पडतात. फोन काय आणि टाळ्या काय, दोन्हींमागे समज एकच : सर्वसाधारण जागा पुरुषांची. कायद्यात असे कुठेही म्हटलेले नाही. सर्वसाधारण जागेवर बाईही उभी राहू शकते, पुरुषही. निम्म्या जागा राखीव याचा अर्थ निदान निम्म्या. त्याहून जास्त महिला निवडून येऊ नयेत असा नाही. तरीही हा समज पक्षांच्या, गावकऱ्यांच्या आणि खुद्द निवडून आलेल्या महिलांच्या मनात घट्ट बसला आहे. महाराष्ट्रातली बाई पंचायतीत दिसते आणि विधानसभेत दिसत नाही, याचे सर्वांत मोठे कारण माझ्या मते हेच आहे.

आकडे बघू. महाराष्ट्राने १९९० साली स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ३० टक्के आरक्षण दिले. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून देशभर किमान एक तृतीयांश आरक्षण लागू झाले आणि २०११ साली राज्याने ते ५० टक्क्यांवर नेले. म्हणजे एक अख्खी पिढी सभांत बसली, ठराव मांडले, अंदाजपत्रके मंजूर केली. आता विधानसभा. २८८ जागांपैकी २०१९ साली २४ महिला निवडून आल्या, २०२४ साली २१. पुढे सरकायच्या ऐवजी आपण तीन जागा मागे आलो.

यावर ठरलेले उत्तर येते : बायका निवडून येत नाहीत. हे तपासता येते. २०१९ साली ३,२३७ उमेदवारांत महिला २३५ होत्या. त्यांतल्या शंभरी दहा जिंकल्या. पुरुषांमध्ये हेच प्रमाण शंभरी नऊच्या आत होते. २०२४ साली ४,१३६ उमेदवारांत महिला ३६३ होत्या. त्या खेपेला महिलांचे प्रमाण शंभरी सहाच्या किंचित खाली, पुरुषांचे सातच्या किंचित वर. एकदा थोडे इकडे, एकदा थोडे तिकडे. मतदार बाईला नाकारतो असे यातून निघत नाही. निघते ते असे की मतदारासमोर बाईचे नाव जातच नाही. दर शंभर उमेदवारांत महिला दहासुद्धा नसतात.

आरक्षण नसतानाही महिला लढल्या आणि जिंकल्या, हे महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिले आहे. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला प्रचंड गर्दी झाली आणि पंचायतीच्या निवडणुका महिलांनी लढवायच्या हा विचार तिथून जोर धरू लागला. १९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये सगळ्या महिलांचे पॅनेल निवडून आले. महिलांसाठी एखाद-दुसरी जागा असण्याचा तो काळ होता. त्या बायका आजच्या भाषेत सर्वसाधारण जागांवर उभ्या राहिल्या होत्या. आज त्याच राज्यात, आरक्षणाला इतकी वर्षे झाल्यावर, खुल्या वॉर्डात बाईने अर्ज भरला तर ‘हिला दुसरीकडे राखीव वॉर्ड नव्हता का?’ असे विचारले जाते.

आरक्षण उठल्यावर त्याचे काय उरते, या प्रश्नावरचा एक चांगला अभ्यास मुंबईचाच आहे. राज्यशास्त्राचे अभ्यासक रिखिल भवनानी यांनी २००९ साली तो प्रसिद्ध केला. मुंबई महापालिकेत १९९७ च्या निवडणुकीत जे प्रभाग महिलांसाठी राखीव होते आणि २००२ साली खुले झाले, त्यांची तुलना त्यांनी दोन्ही वेळा खुल्या राहिलेल्या प्रभागांशी केली. आधी राखीव राहून गेलेल्या प्रभागात बाई निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट निघाली. म्हणजे एका मुदतीचा परिणाम आरक्षण उठल्यावरही टिकतो. काही महिला पुन्हा उभ्या राहतात, आणि बाई प्रभाग सांभाळू शकते, जिंकू शकते, हे पक्षाच्या स्थानिक मंडळींना एकदा दिसलेले असते. मात्र हेही लक्षात ठेवायला हवे की खुल्या प्रभागांतून निवडून येणाऱ्या महिला मुळात मूठभर होत्या. मूठभरांची पाचपट म्हणजे अजून फार नव्हे.

म्हणून मला वाटते, पहिल्या उमेदवारीची चिंता आता सोडता येईल. ती आरक्षणामुळे मिळतेच. खरी कसोटी दुसऱ्या उमेदवारीची आहे. आरक्षण फिरते. निम्म्या जागा राखीव असल्या की आजची महिला राखीव जागा पुढच्या खेपेला बहुधा महिला राखीव नसते. पाच वर्षे गटारे, पाणी, रेशन यांत घालवलेली नगरसेविका सोडतीच्या दिवशी एका चिठ्ठीने बाहेर पडते. पक्ष तिला सांगतो, ‘ताई, तुमची संधी झाली.’ पाच वर्षांपूर्वी थांबलेला पुरुष परत येतो. हे टाळायचे तर तिची तयारी पहिल्या मुदतीच्या पहिल्या महिन्यापासून व्हायला हवी, आणि नेमके तिथेच तिच्या हातातून बरेच काही काढून घेतले जाते.

सर्वांत आधी जातो तो डोंगल. केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीने खर्च करायचा तर पैसे ऑनलाइन जातात, आणि त्यासाठी सरपंच व ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) या दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. ही सही पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या छोट्या डोंगलमध्ये असते आणि तिला पासवर्ड असतो. पदभार घेतल्यावर पहिल्या काही दिवसांत डोंगलचा अर्ज भरला जातो. त्या अर्जात मोबाईल नंबर कोणाचा लिहिला जातो, यावर पुढची पाच वर्षे ठरतात. नंबर नवऱ्याचा असेल तर ओटीपी त्याच्याकडे येतो. पासवर्ड संगणक परिचालकाकडे असेल आणि डोंगल कार्यालयाच्या कपाटात असेल, तर सरपंचबाईंना न विचारता बिल निघते. बाई म्हणतात, ‘मी कुठे सही केली?’ पण कायद्याने सही त्यांचीच असते. चौकशी लागली, वसुली निघाली तर नोटीस त्यांच्या नावाने येते. तेव्हा अर्जावर स्वतःचा नंबर लिहावा, पासवर्ड स्वतः टाकून बदलावा, डोंगल स्वतःकडे ठेवावा, आणि बिलाला मंजुरी देण्याआधी मोजमाप पुस्तिकेत (एमबी) कामाची नोंद आहे का ते पाहावे. एमबी नाही तर सही नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) निधीतला ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेला आणि ४० टक्के अबंधित होता, एवढे माहीत असलेल्या सरपंचाला ‘या कामाला निधीच बसत नाही’ असे कोणी सहज सांगू शकत नाही.

दुसरी जागा प्रोसिडिंग बुकाची, म्हणजे सभेचे ठराव लिहायच्या वहीची. मासिक सभा झाली की बुक घरी येते आणि सदस्य महिला शेवटच्या ओळीखाली सही करते. बऱ्याचदा शेवटचा ठराव आणि सही यांच्यात चार बोटे कोरी जागा सोडलेली असते. महिन्याभराने तिथे नवा ठराव उगवतो. सही करताना त्या कोऱ्या जागेवर आडवी-तिरकी रेघ मारावी, सहीखाली तारीख टाकावी, आणि आपण विरोध केला असेल तर तो नावानिशी लिहून घेतल्याशिवाय बुक परत देऊ नये. सूचक, अनुमोदक म्हणून कोणाचे नाव घातले आहे तेही वाचावे. हे बारीकसारीक वाटते. पण पाच वर्षांनी खुल्या जागेवर मत मागताना दाखवायचे काय? कोणत्या ठरावाची मी सूचक होते, ते काम कधी झाले, किती रुपयांत झाले, ही यादी. ज्या महिलेचे नाव एकाही ठरावावर सूचक म्हणून नाही, तिच्या मुदतीचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते.

सरपंच पती या प्रकारावर पंचायती राज मंत्रालयाच्या समितीने २०२५ च्या अहवालात जबर दंडाची शिफारस केली आहे. दंडाला माझा विरोध नाही. पण दंड कोणाला होणार, हे आधी पक्के व्हायला हवे. ज्या बाईला घरातूनच बाहेर बसवले, तिचे पदही गेले तर शिक्षा तिलाच झाली. डोंगलच्या अर्जावर बाईचा स्वतःचा मोबाईल नंबर असल्याची खात्री गटविकास अधिकाऱ्याने पहिल्याच महिन्यात केली, तर पुढचे निम्मे प्रकार घडणार नाहीत. सभेच्या खोलीत सदस्य नसलेल्या माणसाला खुर्ची द्यायची नाही, हेही अंमलात आणायला अवघड नाही. एवढे मात्र नक्की : ‘सगळे नवराच बघतो’ हे वाक्य बहुतेक वेळा बाईला दुसऱ्यांदा तिकीट नाकारताना वापरले जाते. त्याच नवऱ्याला तिकीट देताना ते कोणाला आठवत नाही.

आता अपात्रता. हा भाग मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण इथे बाईचे पद तिने न केलेल्या गोष्टींवरून जाते. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये अपात्रतेची लांब यादी आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले तर अपात्र. तिसऱ्या बाळंतपणाचा निर्णय किती घरांत बाईचा असतो? घरपट्टी-पाणीपट्टीचे बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत भरले नाही तर अपात्र, आणि एकत्र कुटुंबात दुसऱ्या सदस्याची थकबाकीही अंगाशी येऊ शकते. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर अपात्र. सासऱ्याने चाळीस वर्षांपूर्वी गायरानात घर बांधले, सून लग्न होऊन त्या घरात आली, पुढे निवडून आली. तिच्यावर तक्रार होते. घरातल्यांनी केलेल्या अतिक्रमणात राहणारा सदस्यही अपात्र ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०१८ साली म्हटले. दुसऱ्या बाजूला २०२४ साली जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडे गावच्या महिला सरपंचांना, त्या सासूबरोबर सरकारी जागेवर राहतात या आरोपावरून काढून टाकल्याचा आदेश त्याच न्यायालयाने रद्द केला. बाई सरपंच झाली हे गावाला पचले नाही आणि अधिकाऱ्यांनी निवडून आलेल्या महिलेला इतक्या सहजपणे दूर केले, यावर न्यायालयाने कडक शब्द वापरले. पण तिथपर्यंत, दिल्लीपर्यंत, किती जणी जातील?

अविश्वास ठरावात कायद्याने थोडे संरक्षण दिले आहे. महिला राखीव पदावरच्या महिला सरपंचाविरुद्ध तो मंजूर व्हायला तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणूनच विरोधक अविश्वासाच्या वाटेने न जाता अपात्रतेच्या अर्जाच्या वाटेने येतात. उपाय अर्ज भरण्याआधी करायचा असतो : घराचा नमुना ८ चा उतारा काढून जागा कोणाच्या नावावर आणि कोणत्या प्रकारची आहे ते बघणे, घरातल्या प्रत्येकाच्या नावावरची पट्टी भरून पावत्या एका फाईलला लावणे. जागा सरकारी निघाली तर उमेदवारीआधी वेगळे राहायला जाणे किंवा घर नियमित करून घेणे. सोपे नाही, पण निवडून आल्यावर ते त्याहून अवघड होते.

कागदपत्रांचा जाच इथे संपत नाही. राखीव प्रवर्गातून लढणाऱ्या विवाहितेला जातीचा पुरावा वडिलांकडचा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा गावच्या जुन्या दप्तरातली नोंद, तीही माहेरच्या तालुक्यातली. त्यावर नाव माहेरचे, आधारवर सासरचे, मतदार यादीत तिसरेच. हे जुळवायला विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची जाहिरात लागते आणि जात पडताळणी समितीकडे महिने जातात. सोडत झाल्यावर धावपळ सुरू केली तर उशीर झालेला असतो. मतदार यादीचेही तसेच. लग्न होऊन किंवा घर बदलून दुसऱ्या गावी गेलेल्या बाईने फॉर्म ८ भरून नाव हलवले नसेल, तर ती जिथे काम करते तिथे स्थानिक निवडणुकीची उमेदवारच होऊ शकत नाही.

विधानसभेला हे सगळे एका मोठ्या मापाने समोर येते. वय २५ पूर्ण हवे, स्थानिक संस्थांना २१ पुरते. नमुना २६ मधल्या शपथपत्रात स्वतःची, पतीची, अवलंबितांची मालमत्ता, कर्ज आणि गेल्या पाच वर्षांचे आयकर विवरण द्यावे लागते. पतीने आपल्या धंद्याचे कागद वेळेत दिले नाहीत तर अर्ज बाईचा अडकतो. एकही रकाना कोरा ठेवायचा नाही, ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचे. खर्चासाठी वेगळे बँक खाते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडायचे, आणि ते नवऱ्याबरोबर संयुक्त चालत नाही, तोच निवडणूक प्रतिनिधी असल्याशिवाय. खर्चाच्या नोंदवहीत तीन भाग असतात : रोजच्या खर्चाची पांढरी पाने, रोख रकमेची गुलाबी, बँकेची पिवळी. प्रचाराच्या काळात किमान तीनदा ती तपासणीला न्यावी लागते आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. न दिल्यास तीन वर्षे अपात्रता. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५,०००. महिलेला सवलत नाही.

खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. इथे बहुतेक जणी थांबतात. शेत, घर, दुकान नावावर नसलेल्या बाईला उसनेही कोणी देत नाही, कारण परत कशातून येणार हा प्रश्न देणाऱ्याला पडतो. नगरपालिकेत घरोघर फिरून, बचत गटाच्या बैठकांमधून प्रचार निभावतो. विधानसभेच्या एका मतदारसंघात सरासरी तीन लाखांच्या वर मतदार आणि तीनशेहून जास्त मतदान केंद्रे असतात. प्रत्येक केंद्रावर एक प्रतिनिधी बसवायचा तर तीनशे माणसे, त्यांचे नमुना १० चे अर्ज, त्यांचे जेवण, आणि संध्याकाळी नमुना १७-क ची (केंद्रावर झालेल्या मतांच्या हिशेबाची) प्रत हातात घेऊनच उठायचे हे प्रत्येकाला शिकवणे. हे जाळे पक्षाकडे असते किंवा एखाद्या घराण्याकडे. विधानसभेत पोहोचलेल्या महिलांत राजकीय घरांतल्या बऱ्याच दिसतात, त्याचे कारण हे आहे. त्या महिलांना कमी लेखण्याचे काही कारण नाही. जाळे तिथेच होते.

जाळे नसलेल्या बाईला ते फक्त स्थानिक संस्थेतून बांधता येते, आणि ती शिडीही मध्ये काढून घेतली गेली. २०२२ पासून तीन वर्षांहून जास्त काळ महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या स्थानिक संस्थांवर प्रशासक होते. २०२४ ची विधानसभा झाली तेव्हा राज्यातल्या महानगरपालिकांत एकही विद्यमान नगरसेविका नव्हती. माजी नगरसेविकेला पक्ष विधानसभेचे तिकीट सहसा देत नाही. तिच्याकडे ना निधी, ना पद, ना अधिकाऱ्याला फोन करायचा हक्क. पुरुष नेत्याला साखर कारखाना, दूध संघ, बाजार समिती, शिक्षण संस्था असते. बाईकडे बहुधा प्रभागच असतो.

मग २०२३ चा नारी शक्ती वंदन कायदा आला की सगळे सुटेल, असे अनेकांना वाटते. १०६व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा महिलांना दिल्या आहेत. पण मंजूर झालेल्या मजकुरात त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला बांधलेली आहे, मुदत पंधरा वर्षांची आहे, आणि राखीव मतदारसंघ प्रत्येक पुनर्रचनेनंतर फिरणार आहेत. तोवर सर्वसाधारण म्हणजे पुरुष हा समज तसाच राहिला, तर विधानसभेतही प्रभागासारखेच होईल.

मला तीन गोष्टी व्हायला हव्या आहेत. वॉर्डांचे आरक्षण फिरवण्याबाबत घटनेचा शब्द ‘फिरवता येईल’ असा आहे. दर निवडणुकीला फिरवलेच पाहिजे असा नाही. राज्याने एक आरक्षण दोन मुदती ठेवावे. यावर आक्षेप असा की मग बाकीच्या वॉर्डांना दहा वर्षे थांबावे लागेल. हो, लागेल. पण एका मुदतीत बाई काम शिकते आणि दुसऱ्या मुदतीत त्या कामावर मत मागते. ही दुसरी मुदतच आपण तिला आजवर दिलेली नाही. दुसरी गोष्ट पक्षांची. ज्या जागेचे महिला आरक्षण उठले, तिथे विद्यमान सदस्येचे काम तपासून तिला उमेदवारी नाकारायची असेल तर कारण लेखी द्यावे. एबी फॉर्म (पक्षाने दिलेले अधिकृत उमेदवारीचे पत्र) शेवटच्या दिवशी तीनच्या आत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोहोचायचा असतो, म्हणून दोनपर्यंत बाईला ताटकळत ठेवायचे आणि मग फॉर्म दुसऱ्याच्या हातात द्यायचा, हा प्रकार थांबला पाहिजे. नवऱ्याचा अर्ज बाद झाला तर असावा म्हणून बायकोचा डमी अर्ज भरायचा आणि वर ‘आम्ही महिलांना संधी देतो’ म्हणायचे, हेही.

तिसरी गोष्ट राज्य निवडणूक आयोगाची, आणि तिला पैसाही लागत नाही. प्रत्येक निकालासोबत, ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत, पक्षनिहाय एक वेगळा रकाना छापावा : सर्वसाधारण जागेवर उभ्या राहिलेल्या महिला किती, निवडून आलेल्या किती, आणि त्यांत आधीच्या मुदतीत राखीव जागेवरून आलेल्या किती. कोणत्या पक्षाचा आकडा शून्य आहे, ते पुढच्या सोडतीची बरणी उघडण्याआधी लोकांना कळायला हवे.